मक्याचा वकील

मिरजगावजवळ हायवेला एक मावशी मक्याची कणसं भाजून विकतात. लहानूतात्या लांबून येताना दिसले की त्या कणसांवर पोतं टाकतात. तात्या कणीस घेतात, पैसेही देतात, पण खात नाहीत. पानं सोलतात, केस उपटतात, चष्मा कपाळावर चढवून कणीस नाकाला लागेल इतकं जवळ धरतात आणि निकाल देतात.

"मावशी, पोळ्याच्या आदी ह्याला आठ-दहा दिस पानी न्हवतं. शेंडा बघा, बोडका. आन् हे मधलं दानं पोचट, म्हंजे पुन्यांदा वडलं पावसानं."

गिऱ्हाईकं आपापली कणसं उलटून बघायला लागतात, कोणी परतही करतं. मावशी एकदा वैतागून म्हणाल्या, "आवं तात्या, कनीस खायाचं आसतं, वाचायचं नसतं." तात्यांनी ते कणीस बंडीच्या खिशात घातलं आणि संध्याकाळी घरी आणून मला पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवलं.

तात्यांची आणि माझी जमीन बांधाला बांध लागून आहे. मी गावच्या हायस्कूलात विज्ञान शिकवतो आणि रविवारी शेती करतो. तात्यांच्या मते मी दोन्हीकडे सारखाच कच्चा आहे. आमच्याकडची जमीन मुरमाड आणि पाऊस लहरी. पेरणीला वेळेवर हजर राहतो, मका गुडघ्याला लागेपर्यंत गोड वागतो आणि मका तुऱ्यात आला की नेमका गायब होतो. माझं बी.एस्सी. याला 'फुलोऱ्याच्या अवस्थेतील पाण्याचा ताण' म्हणतं. तात्यांकडे याची वेगळी मांडणी आहे.

"गुर्जी, तुरा म्हंजे नवरदेव. पानी असू दे, नसू दे, हा आपला वेळंवर मांडवात हजर. कनसाचे केस म्हंजे नवरी. पानी कमी पडलं का नवरी रुसती, चार-पाच दिस भाईरच येत न्हाई. तवर नवरदेवाची पावडर वाऱ्यानं उडून जाती. मंग नवरी येती नटूनथटून आन् बघती तर मांडव मोकळा. दाना भरायचा कसा?"

हे मी नववीच्या वर्गात जसंच्या तसं सांगितलं होतं. त्या वर्षी परागीभवनाच्या प्रश्नाला सगळ्यांना पैकीच्या पैकी मार्क पडले, फक्त एकीने उत्तरपत्रिकेत 'नवरी' लिहिलं होतं.

इथपर्यंत तात्या विनोदी गृहस्थ. पण मक्याच्या झाडाला कोणी नावं ठेवली की त्यांचा वकील होतो. एकदा त्यांच्या अंगणात चहा पिताना मी सहज म्हणालो, "यंदा मक्यानं दगा दिला तात्या."

तात्या बाजेवरून उठले. साडेसहा फुटांच्या माणसाला उठायला जरा वेळ लागतो. माझ्या हातातली अर्धी कपबशी त्यांनी काढून घेतली.

"शब्द मागं घ्या."

मी घेतला. चहा परत मिळाला, पण सोबत पूर्ण भाषण ऐकावं लागलं. ते भाषण मला आता पाठ आहे. "झाडाकडं पानी घोटभर. पदरात लेकरं चारशे. खालचं दानं आदी जल्मलेलं, शेंड्याचं शेवटी. आता झाडानं करावं काय, तुमी सांगा. समद्यांना थेंब थेंब वाटलं तर समदीच जात्यात. मंग शेंडा सुटतो. झाड सोडत न्हाई, गुर्जी, त्याच्या हातनं सुटतो. ह्यात झाडाचा काय दोष?" शेवटचं वाक्य ते दोनदा म्हणतात आणि इतक्या मोठ्यानं म्हणतात की रस्त्यावरचा टेम्पोवाला वळून बघतो.

हे भाषण गुरांच्या डॉक्टरांनी ऐकलंय, मीटर वाचायला आलेल्या वायरमनने ऐकलंय, लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या परगावच्या पाहुण्यांनी उभ्याउभ्या ऐकलंय. गावात आता झाडाला दोष देणारा माणूस उरलेला नाही. राहिली आहे फक्त एकजण, तात्यांची आई, जिजी.

जिजी ऐंशीच्या पुढे आहे. नजर गेल्यातच जमा आहे. ओसरीत बसून हाताच्या अंदाजानं धान्य निवडत असते. भाषण संपलं की ती दरवेळी एकच वाक्य बोलते. "मंग झाडाला म्हाईत हुतं म्हन की." आणि भिंतीला धरून उठते, घरात जाते. तात्यांचा चेहरा पडतो. सगळं गाव जिंकलेला वकील आईपुढे दरसाल हरतो, आणि दरसाल नव्या तयारीने उभा राहतो. एका वर्षी त्यांनी कृषी सहायकालाच साक्षीला आणलं. तो बिचारा अर्धा तास 'दाणे भरण्याच्या काळातील अन्नपुरवठा' समजावत होता. जिजीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोराला चा द्या. घसा सुकला त्याचा."

मला वाटलं, एवढं चांगलं भाषण वाया जातंय. म्हणून मी तात्यांना शाळेत बोलावलं. तात्या इस्त्रीचा सदरा घालून, पोतंभर कणसं घेऊन आले. नवरा-नवरीवर पोरं लोटपोट हसली. तात्यांनी कणसं वाचली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग मी म्हणालो, "तात्या, आता ते झाडाच्या बाजूचं सांगा."

तात्यांनी पोरांकडे बघितलं, खिडकीबाहेर बघितलं. "ते हितं कशाला?" म्हणाले आणि खाली बसले. मी आग्रह केला, मुख्याध्यापकांनी केला. तात्या जागचे हलले नाहीत.

घरी येऊन मी हा किस्सा हसत हसत आईला सांगितला. आई भाकरी थापत होती. ती हसली नाही.

"एवढा शिकलास, आन् एवढं कळलं न्हाई व्हय तुला? लहानू जुळ्यातला हाय. त्याच्यासंगं पोरगी झाल्ती जिजीला. भात्तर सालचा दुष्काळ. जिजी दिसभर खडी फोडायची, पोटाला न्हाई, दूध कुठनं येनार? जे आलं ते ह्याला पाजलं. पोरगा म्हनून, का ह्याचं रडनं मोठं म्हनून, त्ये तिलाच ठावं. पोरगी बिनबारशाची, तीन म्हैन्याची गेली. तिच्याबद्दल जिजी कुनाशी एक शबुद बोलली न्हाई. आजपत्तुर."

 इतकी वर्षं त्या अंगणात बसून मी ते भाषण ऐकलं, त्याची नक्कल करून स्टाफरूममध्ये लोकांना हसवलं. डॉक्टर, वायरमन, पाहुणे आणि मी, आम्ही फक्त समोर बसायला होतो. तात्या बोलत होते ओसरीकडे तोंड करून, आणि मला वाटायचं, त्यांना उन्हाचा त्रास होतो.

यंदाही पाऊस ठरल्याप्रमाणे पळाला. मका काढून झाल्यावर मी त्यांचं खुरपं परत द्यायला गेलो. अंगणात कणसांचा ढीग वाळत होता, निम्म्या कणसांचे शेंडे बोडके. तात्यांनी एक उचललं, मला बसवलं आणि सुरुवात केली. "झाडाकडं पानी घोटभर..." मी मान डोलवत राहिलो. हसू आलं नाही. भाषण संपलं. "झाडाचा काय दोष?" एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं.

"आन हिकडं," ओसरीतून जिजी म्हणाली.

तात्या चपापले. त्यांनी कणीस तिच्या हातात नेऊन दिलं. तिनं बुडापासून अंगठा फिरवायला सुरुवात केली. भरलेल्या ओळींवरून अंगठा वर सरकत गेला आणि शेंड्याच्या मोकळ्या, खरखरीत जागेवर थांबला.

"लहानू," ती म्हणाली, "शेंड्याच्या दान्याला लई तहान लागली आसंल का रं?"

 तात्यांकडे प्रत्येक प्रश्नाला मुद्दा असतो, मी वाट बघत होतो. ते खाली वाकले आणि पायरीवर तिच्या गुडघ्याशी बसले.

"मला ठावं न्हाई, जिजे," ते म्हणाले. "मी खालचा दाना हुतो."

 मला तिथून उठायचं होतं आणि उठवत नव्हतं. जिजीचा अंगठा अजून त्या शेंड्यावरच होता.

"सुभद्रा," ती म्हणाली. "सुभद्रा नाव ठिवलं हुतं मी तिचं. कुनाला सांगायचं ऱ्हाऊनच गेलं."

पन्नाशी ओलांडलेल्या तात्यांनी आपल्या बहिणीचं नाव पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी ते एकदा हळूच म्हणून पाहिलं. मग जरा मोठ्यानं म्हटलं, जिजीला नीट ऐकू जावं म्हणून.