सटवोजी जासुदाची सोळा कोसांची दौड

श्रीकुलस्वामिनी साक्ष असे. शके सोळाशे एकतीस, विरोधी नाम संवत्सरी, वैशाख मासी एके राज्यात जे घडले ते जैसे ऐकिले तैसे लिहिले असे. त्या राज्याचा एक गड शत्रूने घेरिला आणि आत पाणी चार दिवसांचे राहिले, आणि सोळा कोसांवर आपली फौज उतरली होती, परंतु त्या फौजेस वेढ्याची वार्ता नव्हती, आणि दुसरे दिवशी तिसरे प्रहरी ती कूच करून दक्षिणेस जाणार होती. मग किल्लेदार विसाजीपंतांनी सटवोजी ढवळे जासूद यास बोलाविले. वेगात त्यास जोड नव्हती. घोडा सोडिला तरी शंभर पावले तो पुढेच असावयाचा. त्याची बायको राधाऊ आणि तान्ही लेक गडावरच होती.

गडाचे हकीम इस्माईलसाहेब तेथे बसले होते, ते म्हणाले, "पंत, यास धाडू नये. केरोजीस धाडावे." केरोजी हा वयाने उतरता, सुकलेला, चालीने मंद जासूद. पंतांनी कारण पुसले, तेव्हा हकीम बोलते जाहले, "मांस दोन जातींचे असते. कोंबडीची तंगडी तांबूस, ती दिवसभर चालून थकत नाही. उराचे मांस पांढरे, त्याच्या जोरावर ती एकदम भिंतीवर उडते आणि लागलीच दमते. माणसात दोन्ही मिसळून असते, कोणात हे अधिक, कोणात ते. सटवोजीच्या पायांत पांढरे अधिक. जोर झटक्यात येतो, झटक्यात सरतो."

सटवोजी खाली पाहत राहिला. कोसभर धावले की मांड्या भरून येतात हे त्यास लहानपणापासून ठाऊक होते, आणि ते त्याने कोणास सांगितले नव्हते.

मग दुसरे दिवशी उजाडता केरोजी उतरला, आणि शत्रूच्या चौकीच्या स्वारांनी उघड्या माळावर गाठून त्यास मारिले, आणि ते गडावरून सर्वांनी पाहिले. सटवोजी म्हणाला, "आता मी जातो." दरवाजात राधाऊ म्हणाली, "चौकी ओलांडली की सावकाश जा." तो म्हणाला, "सावकाश गेलो तर पोहोचेन कसा?"

आणि तो सुटला, आणि दोन स्वार पाठीस लागले, परंतु घोडे जवळ येण्याआधी त्याने ओघळ गाठिली, जीत घोडे उतरत नसत. तेथून पाठलाग संपला होता, तरी भयाने तो पुढे दीड कोस तैसाच धावला, आणि मग मांड्या पेटल्या, आणि मग जड जाहल्या, आणि मग आपल्या राहिल्याच नाहीत. बसावे, थोडा जोर यावा, उठून धावावे, आणि चारशे पावलांत पुन्हा बसावे, ऐसे चालले. वाटेत एक धनगर म्हणाला, "दमानं चला, पावणं." त्याने दमाने चालून पाहिले, तेही होईना.

सूर्य बुडता तो तळावर पोहोचला. तेथे चुलींचे दगड होते आणि राख कोमट होती आणि एक म्हातारा लंगड्या बैलाजवळ बसला होता. "फौज?" सटवोजीने पुसले. म्हाताऱ्याने घाटावरील धूळ दाखविली आणि म्हणाला, "उन्हं कलली तवाच गेली." सटवोजी धुळीकडे धावला आणि पडला, आणि उठला आणि पडला, आणि मग हातांवर सरकू लागला, तोवर धूळ दिसेनाशी जाहली.

पाचवे दिवशी गडाने दरवाजे उघडिले. बंदिवानांत राधाऊ आणि लेक गेली. त्यांची वार्ता पुढे कधी आली नाही. हकिमास शत्रूने सोडिले होते, ते गडाखाली सटवोजीस भेटले. सटवोजीने पुसले, "केरोजी असता तर?"

"केरोजी पोहोचला असता. पण त्यास चौकी ओलांडवली नाही."

"मग दोष कोणाचा?"

"कोणाचाच नाही," हकीम म्हणाले, आणि सटवोजी तेथेच मातीत बसला. दोष असता तर त्याने तो डोईवर घेतला असता.

एवंच, गड गेला आणि माणसे गेली. देहास जैसे मांस मिळाले तैसा त्याचा दम; हुकुमाने तो वाढत नाही आणि प्रेमानेही वाढत नाही. सटवोजी पुढे पुष्कळ वर्षे जगला. याउपर लिहावे ऐसे काही नाही.