संयुक्ताची दृष्टी विस्तारली नाही

प्रवासानं विद्यार्थ्याची दृष्टी विस्तारते, हे आता सर्व सुशिक्षित पालकांना मान्य झालेलं सत्य आहे. ती किती विस्तारते, हे कापलेल्या अंतरावर अवलंबून असतं. चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीहून जवळच्याच कोवलमला जाणाऱ्या बसमध्ये ती मुळीच विस्तारत नाही, कारण त्या बसमध्ये उभं राहावं लागतं आणि दृष्टीला विस्तारायला खिडकीजवळची सीट लागते. ओरगडमपर्यंत गेल्यास किंचित फरक पडतो (मी तिथल्या ट्रकच्या कारखान्यात रोज जातो, माझी विस्तारून थांबली आहे). खरा विस्तार होतो तो विमानानं, आणि तोही पासपोर्टवर शिक्का उमटल्यानंतर. शिक्क्याआधी जे दिसतं त्याला फार तर बाहेर बघणं म्हणता येईल.

आमच्या मुलांची शाळा चेन्नईतली एक नामांकित आंतरराष्ट्रीय शाळा आहे. तिचं नाव इथं देत नाही, कारण ते शाळेच्या बसवरसुद्धा पूर्ण मावत नाही. शाळेला दोन इमारती आहेत. पुढची नवी, काचेची, थंडगार. मागची जुनी, कँटीनला लागून, जिथं दुपारी सांबाराची फोडणी बसली की इतिहासाच्या तासाला सगळ्यांना खोकला येतो. प्राचार्या विद्यालक्ष्मी मॅडम यांनी असा पुरोगामी निर्णय घेतला की दहावीपासून ज्यांची दृष्टी परदेशी जाऊन विस्तारली आहे ती मुलं नव्या इमारतीत बसतील आणि उरलेली जुन्या. यात भेदभाव नाही. नव्या इमारतीच्या खिडक्या मोठ्या आहेत. न विस्तारलेल्या दृष्टीला त्या देऊन वाया कशाला घालवायच्या?

या निर्णयानंतर विदेश शैक्षणिक सहल समिती स्थापन झाली आणि मला तिचा चिटणीस करण्यात आलं. पिंपरीहून चेन्नईत आलेला माणूस म्हणजे परदेशाचा अनुभव असलेला, असं समितीचं मत पडलं.

शैक्षणिक सहलीचं मूलतत्त्व असं, की मुलानं जग पाहावं, पण जगानं मुलाला हात लावू नये. पालकांच्या पहिल्याच सभेत हे तत्त्व एकमतानं संमत झालं आणि पुढची सगळी व्यवस्था त्यातूनच आपोआप निघाली. परक्या अन्नानं पोट बिघडतं, म्हणून अनंतकृष्ण नावाचे स्वयंपाकी त्यांच्या भात शिजवायच्या कुकरसह बरोबर घ्यायचे ठरले. रोज दुपारी दहीभात, मग गाव कुठलंही असो. परक्या माणसांशी बोलणं धोक्याचं, म्हणून स्थानिकांशी संपर्क शून्यावर आणण्याचं उद्दिष्ट ठेवण्यात आलं (प्रत्यक्षात ते नव्वद टक्के साध्य झालं, उरलेले दहा टक्के विमानतळावरचे अधिकारी, त्यांच्यापुढे इलाज नव्हता). उन्हामुळे मोबाईलचा पडदा नीट दिसत नाही, म्हणून बसचे पडदे ओढलेले राहतील, हेही ठरलं.

सहलीवरचा अनुभवपर निबंध तर मुलांनी निघण्यापूर्वीच लिहून दिला. परत आल्यावर लगेच चाचणी परीक्षा होती. अनुभवांसाठी वेळ कुठून काढणार? सगळ्या निबंधांत बर्फ पाहून निसर्गाच्या विराट रूपाची जाणीव झाली होती. आपण जाणार त्या महिन्यात तिथं बर्फ नसतो, अशी शंका एका पालकानं काढली, पण तोवर निबंध तपासून झाले होते, त्यामुळे बर्फ ठेवण्यात आला.

आता संयुक्ताविषयी. ही माझ्या मुलाच्या, पुष्करच्या, वर्गातली. बालवर्गापासून दोघं एका वर्गात आहेत. तिचं घराणं तंजावरच्या मराठी राजांबरोबर दक्षिणेत आलं आणि परत जायचं राहून गेलं. आता ती मंडळी तिरुवल्लिकेणीत राहतात आणि तमिळच्या मधूनमधून मराठी बोलतात. तिचे आजोबा शेषाद्री राव विमा कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांची मराठी तीनशे वर्षांपूर्वीची आणि माझी पिंपरीची, त्यामुळे महत्त्वाचं काही असलं की आम्ही इंग्रजीत बोलतो.

संयुक्ताला भूगोलाचं वेड आहे. नकाशा दिसला की जेवण विसरते. नव्या इमारतीत भूगोलाची खोली आहे, भिंतभर उठावाचे नकाशे आहेत, आणि एक पृथ्वीचा गोल आहे जो शिपायाला दोन्ही हातांनी धरूनच फिरवावा लागतो एवढा मोठा. त्या खोलीसाठी मुलगी झुरत होती. एरवी हे घर परदेश सहलीच्या वाटेला गेलं नसतं.

"एका खोलीसाठीं एवढें दूर जावाचें, दिनकरराव?" शेषाद्री राव मला म्हणाले. "ती खोली तर इथेंच आहे की!"

मी त्यांना समजावलं की आधुनिक शिक्षणात पुढच्या इमारतीत जाण्याचा रस्ता युरोपवरून जातो. त्यांनी मान हलवली आणि पासपोर्टच्या कचेरीत रांगेला उभे राहिले.

सहल निघाली. चिटणीस म्हणून मीही बरोबर होतो. ती कमालीची यशस्वी होत होती. पाच दिवस पडदे ओढलेले होते आणि दहीभात वेळेवर होता. एक मुलगा तर आपण कोणत्या देशात आहोत हे न कळता इतका शांत झोपला, की त्याची झोप समितीच्या अहवालात आदर्श म्हणून नोंदवण्यात आली. सहाव्या दिवशी एका मोठ्या शहरातलं संग्रहालय होतं. त्याला पंचवीस मिनिटं दिली होती, त्यांत स्वच्छतागृह आणि तळमजल्यावरच्या दुकानातून फ्रिजवर चिकटवायची चुंबकं घेणं धरलेलं होतं. योजना निर्दोष होती. पण संयुक्ता स्वच्छतागृहाकडे जाताना चुकीच्या दालनात शिरली, आणि मी तिला आणायला गेलो, तर बाकीची मुलं माझ्यामागून आली.

दालनाच्या मधोमध काचेत पार्वतीची एक कांस्यमूर्ती उभी होती. पुरुषभर उंच, एक हात सैल सोडलेला. संयुक्ता तिच्यापुढे जमिनीवर बसली होती आणि बुटांच्या नाड्या सोडत होती.

"संयुक्ता, हे म्युझियम आहे," मी म्हणालो.

"म्युझियम त्यांचें, अंकल. अम्मन आमची आहे," ती म्हणाली. "पाहा की, तंजावरकडली म्हणून लिहिलें आहे. बूट घालून कसें उभें राहूं?"

तिनं बूट दाराशी नेऊन ठेवले. नेमके तेव्हा अनंतकृष्ण दहीभाताची पिशवी घेऊन आम्हाला शोधत आले. काचेत देवी आणि दाराशी बूट एवढं त्यांनी पाहिलं आणि काही न विचारता स्वतःचे बूट काढले. मग आवरणं कठीण झालं. चेन्नईतल्या मुलाला समोर देव आणि दाराशी पादत्राणं दिसली की त्याचे हात आपोआप पायांकडे जातात. त्यात विचाराचा भाग नसतो. पुष्करनंही काढले, आणि मोज्याला भोक होतं हे सर्वांना दिसलं. पाहता पाहता बुटांचा ढीग झाला आणि आमच्या आंतरराष्ट्रीय शाळेची मुलं काचेभोवती उजवीकडून प्रदक्षिणा घालू लागली.

इथपर्यंत ठीक होतं. पण तिथल्या लोकांना नियम पाळण्याची फार वाईट सवय आहे. एका वयस्कर जोडप्यानं आधी भिंतीवर पाटी शोधली, ती सापडली नाही, पण एवढी माणसं करतात त्या अर्थी नियम असणारच, असं धरून त्यांनी बूट काढले आणि ती दोघं मुलांच्या मागं चालू लागली. त्यांच्या मागं आणखी लोक. रांग जिन्यापर्यंत गेली. दारावरचा पहारेकरी बूट जोडीनं मांडून ठेवायला लागला, कारण कुणीतरी ते करायलाच हवं होतं. अनंतकृष्णांनी काचेपुढे चमचाभर दहीभात ठेवून हात जोडले आणि उरलेला ते कागदी पेल्यांतून रांगेत वाटू लागले. लोकांनी तो निमूटपणे, उभ्यानं खाल्ला.

मी बूट काढले नाहीत. कुणीतरी बुटांत उभं राहणं आवश्यक होतं.

शेवटी संग्रहालयाच्या एक अधिकारी बाई आल्या. रागानं आल्या, पण दाराशी थबकल्या, ढिगाकडे पाहिलं, आणि स्वतःचे बूट काढूनच आत आल्या. काय चाललं आहे, असं त्यांनी विचारलं. संयुक्तानं उत्तर देण्याऐवजी त्यांनाच विचारलं, "मॅडम, ही कुठल्या गावची?"

बाईंनी पाटी वाचली. तंजावर जिल्हा. पुढे काही नव्हतं.

"तंजावर जिल्ह्यात पुष्कळ गावं आहेत," संयुक्ता स्वच्छ इंग्रजीत म्हणाली. "त्यातल्या एकात हिची जागा रिकामी असेल. आमच्या गावच्या देवळातही एक कोनाडा रिकामा आहे. आजी गावी गेली की तिथं दिवा लावते. ही तीच असं मी म्हणत नाही. पण कुणाची तरी आहे ना?"

बाईंनी पाटी पुन्हा एकदा वाचली. मग विचारून बघते म्हणाल्या. आमची पंचवीस मिनिटं केव्हाच संपली होती, आणि चुंबकांचं दुकान बंद झालं. मुलांना चुंबकांविना परत यावं लागलं, ही या सहलीतली सर्वांत मोठी हानी.

परत आल्यावर प्रत्येक मुलाची दृष्टी तपासण्यात आली. तपासणीला विद्यालक्ष्मी मॅडम होत्या, आणि समितीतर्फे मी. प्रश्न एकच: परदेशातून काय शिकलात? पुष्कर म्हणाला, शिस्त, स्वच्छता आणि वेळेचं महत्त्व (तिन्ही गोष्टी अजून त्याच्या खोलीपर्यंत पोचलेल्या नाहीत). बाकीच्यांनीही हेच सांगितलं. काहींनी बर्फ घातला. सगळे उत्तीर्ण झाले; कोणत्या देशात आपण आहोत हे न कळता झोपलेला मुलगा विशेष गुणवत्तेनं.

मग संयुक्ता आली.

"त्या देवीचें गाव तिथें कोणालाच ठाऊक नव्हतें," ती म्हणाली.

"ते त्यांना माहीत नव्हतं. तू काय शिकलीस?" मॅडमनी विचारलं.

"आपल्या एग्मोरच्या म्युझियममध्यें अशा खूप अम्मन आहेत म्हणे, मॅडम. मी अजून गेलें नाहीं. आधीं तिथें जाऊन त्यांचीं गावें विचारावीं, असें वाटलें."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. चेन्नईतच असलेल्या एग्मोरच्या संग्रहालयात कांस्यमूर्तींचं मोठं दालन आहे असं मीही ऐकून आहे. ते फार जवळ असल्यामुळे जाणं झालेलं नाही.

निर्णयाला वेळ लागला नाही. एक, विद्यार्थिनीला युरोपात नेलं असता तिला तंजावर दिसलं, म्हणजे दृष्टी विस्तारायची ती आखडली. दोन, तिच्यामुळे परदेशी नागरिकांना अनवाणी चालण्याचा अनुभव मिळाला, म्हणजे दृष्टी विस्तारली ती त्यांची, आणि तीही आपल्या पालकांच्या खर्चानं. तीन, तिनं प्रश्न विचारला. प्रश्न विचारण्याचं काम शाळेचं आहे. संयुक्ताला जुनी इमारत देण्यात आली. मीही सही केली. नियम हा नियम असतो, आणि पुष्करची जागा नव्या इमारतीत पक्की व्हायची होती.

शाळा सुटल्यावर ती फाटकाशी भेटली. आजोबा न्यायला आले होते. "अंकल, जुन्या बिल्डिंगच्या मुलांना भूगोलाच्या खोलीत यायला देतात का?" तिनं विचारलं. मी नाही म्हणालो. तिनं मान डोलावली. रडली असती तर बरं झालं असतं. रडणाऱ्या मुलाला चॉकलेट देता येतं.

"लेंकराचें काय चुकलें?" शेषाद्री रावांनी मला विचारलं.

हे महत्त्वाचं होतं, म्हणून मी इंग्रजीत समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग नातीचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि दोघं बस थांब्याकडे गेली. त्या रविवारी ती एग्मोरला जाणार होती. पुष्करनं विचारलं, मी जाऊ का तिच्याबरोबर? मी सांगितलं, तुझी विस्तारून झाली आहे, आता अभ्यासाला बस.

या प्रकरणातून समितीनं योग्य तो बोध घेतला. संयुक्ताचं मुळात चुकलं ते इतकंच, की जाण्यापूर्वीच तिला थोडंफार ठाऊक होतं. भरलेल्या डब्यात आणखी भरता येत नाही. तेव्हा यापुढे परदेश सहलीसाठी मूल पूर्णपणे रिकामं असणं आवश्यक आहे, अशी दुरुस्ती नियमात करण्यात आली. रिकामेपण मुलात घरूनच येत असल्यामुळे परीक्षा मुलाची नव्हे, पालकांची होते. ती अगदी सोपी आहे. ही कथा वाचून इथवर आलेल्या कुणालाही देता येईल.

तर सांगा: आपल्या गावातलं संग्रहालय कुठं आहे, आणि आपण आपल्या मुलाचा हात धरून तिथं शेवटचे केव्हा गेला होता?

नाही आठवत?

अभिनंदन. आपलं मूल निवडलं गेलं आहे. त्याचा निबंध आमच्याकडे लिहून तयार आहे.