आभारांची पोच

लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध थांबली, ही कार्यालयाच्या दृष्टीने सर्वसाधारण बाब होती. अधूनमधून ती थांबतच असे. गंभीर बाब एवढीच, की आत हेडक्लार्क होते आणि वरच्या मजल्यावर मोठे साहेब त्यांच्या मुलाखतीसाठी खोळंबले होते. 'कृतज्ञता अधिकारी' असे नवे पद निघाले होते, स्वतंत्र केबिनसह. त्या केबिनसाठी हेडक्लार्कांचा जीव कधीपासून टांगणीला लागला होता. आता लिफ्टसकट लागला.

पद निघाले तेही त्यांच्याचमुळे. यशाचे मूळ कृतज्ञतेत असते, असे कुठल्याशा शिबिरात ऐकून ते परतले आणि त्यांनी नियमच काढला: कोणतेही काम सुरू करण्यापूर्वी संबंधितांचे आभार मानावेत, व त्या आभारांची तोंडी पोच मिळाल्याखेरीज काम हाती घेऊ नये. तेव्हापासून कार्यालयात कोणी कुणावर खेकसत नव्हते. काम पूर्वीही होत नसे. पण आता ते किती गोड बोलून होत नव्हते!

हेडक्लार्कांनी लिफ्टमधला फोन उचलला.

"चौकशी कक्ष. आपण फोन केल्याबद्दल आभारी आहोत."

आवाज घरचाच होता. चौकशीच्या खिडकीत त्यांची बायको बसत असे.

"अगं, मी बोलतोय! लिफ्ट अडकलीय. मेकॅनिकला पाठव."

"अहो, आधी आभार."

"कुणाचे?"

"लिफ्टचे. इतके दिवस चालली ना बिचारी."

हेडक्लार्कांनी इकडेतिकडे पाहत लिफ्टचे आभार मानले. लिफ्टने पोच दिली नाही.

"चालेल," बायको म्हणाली. "निर्जीव वस्तूंना पोचेतून तुम्हीच सूट दिलीय."

थोड्या वेळाने दाराच्या फटीत मेकॅनिकचे बूट दिसले. "साहेब, तुम्ही अडकलात म्हणून मला काम मिळालं. आभारी आहे."

"पोचले! उघडा आता."

"पण मी आलो, त्याचे आभार?"

"आभारी आहे हो!"

"तुम्ही आभार मानलेत, त्याबद्दल मीही आभारी आहे."

"मीसुद्धा!"

"मग मीसुद्धा, साहेब," असे म्हणत मेकॅनिकने बैठक मारली. हे लवकर आटोपणारे नव्हते.

हेडक्लार्कांनी पुन्हा फोन कानाला लावला. "अगं, तिकडे केबिन जाईल माझी! यातून काही सुटका?"

"आहे की. तुम्हीच घातलंय नियमाच्या शेवटच्या ओळीत. सकाळी आपल्यासाठी सर्वांत आधी जो राबला, त्याचे आभार मानले की बाकीचे माफ."

"एवढंच ना? दूधवाला!"

"दूधवाल्याच्या आधी उठून दार कोणी उघडलं?"

"कडीने! कडीचा आभारी आहे."

"बरं. चहा?"

"शेगडीचा आभारी आहे."

"आणि डबा?"

हेडक्लार्कांनी हातातल्या डब्याकडे पाहिले. त्यांनी तो छातीशी धरला. "डब्याचा तर फारच आभारी आहे. काय घट्ट झाकण बसतं गं याचं!"

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला. मग बायको चौकशीच्या खिडकीतून उठून स्वतः जिन्याने वर गेली आणि मेकॅनिकला म्हणाली, "भाऊ, उघडा हो. नियम मोडल्याचा ठपका माझ्यावर."

मेकॅनिकने दार उघडले. हेडक्लार्क मागे न पाहता वर धावले.

उशीर का झाला, ते ऐकून मोठ्या साहेबांचे डोळे पाणावले. जिवावर बेतले तरी माणसाने नियम सोडला नाही! पद तिथल्या तिथे मिळाले. सत्काराच्या भाषणात नव्या अधिकाऱ्यांनी शिबिर, लिफ्ट, कडी, शेगडी आणि डबा यांचे नाव घेऊन ऋण मान्य केले. टाळ्या थांबेनात. केबिनमध्ये बसताच त्यांनी पहिली नोटीस काढली, ती चौकशी कक्षाला: आभारप्रक्रिया पूर्ण होण्याआधी काम करवून घेतल्याबद्दल सक्त ताकीद. खाली छापलेले होतेच, 'आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत.'

बायकोने नोटीस वाचली आणि खिडकीतल्या खिडकीत पोट धरून हसली.

दुसऱ्या दिवशी कृतज्ञता अधिकारी जेवायला बसले, तेव्हा डब्यात काहीच नव्हते. त्यांनी घाईघाईने चौकशी कक्षाला फोन लावला.

"अगं, डबा रिकामा कसा?"

"अहो, मी शेगडीला सांगून ठेवलं होतं," पलीकडून मृदू आवाज आला. "झाकण घट्ट बसलंय ना पण?"

तुम्ही इथवर वाचलेत, त्याबद्दल आभारी आहोत. हसून झाले असेल तर शेजारच्या कपाकडे एकदा पाहा. तो चालत आला नव्हता. आणि उठताना त्याचे आभार मानू नका. तेवढा विसळून ठेवा.