शेवंता सिस्टरांचा अडीच फुटी समुद्र

शेवंता सिस्टरांना माणसं वजनावरून आठवतात. आजचं वजन नव्हे, जन्माचं. जळकोटात कुणाचंही नाव काढा, त्या क्षणभर डोळे बारीक करतात आणि आकडा सांगतात. "दूधवाला दिलीप? दोन किलो शंभर. आठ दिवस कापसात गुंडाळून ठेवला व्हता." दिलीप आज दारातून जरा तिरका होऊनच आत येतो, पण सिस्टरांच्या लेखी तो अजून कापसातच आहे. मी दोन किलो नऊशे. हायस्कूलला विज्ञान शिकवतो, गावात चार लोक नमस्कार करतात, तरी त्यांची कडी वाजवली की आतून आवाज येतो, "कोण? दोन-नऊशे का?"

तेहतीस वर्षं त्यांनी सरकारी दवाखान्यांत नोकरी केली. जळकोट, अणदूर, मधेच तीन वर्षं तुळजापूर आणि पुन्हा जळकोट. लग्न केलं नाही. का केलं नाही, असं एकदा माझ्या बायकोनं विचारलं, तर म्हणाल्या, "रजा मिळाली न्हाय."

निवृत्त झाल्यावर त्या भाचीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेल्या. तिथं मुलांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, बाहेर बसायच्या खोलीत, खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती. आत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे. भाची बाळाला घेऊन आत गेली, दाखवून बाहेर आली, निघू या म्हणाली. सिस्टर म्हणाल्या, "तू हो पुढं." संध्याकाळी दवाखान्याला कुलूप लावायची वेळ झाली तेव्हा त्या उठल्या.

जळकोटला परत आल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे, त्यामुळं बोलावणं म्हणजे भिंतीवर दोन टकटक.

"मला समुद्र पाळायचाय," त्या म्हणाल्या. "तू सायन्सचा हायस. सोलापूरला चल."

मला समुद्राबद्दल आठवीच्या पुस्तकात आहे तेवढंच माहीत होतं. तरी गेलो. सोलापूरचा दुकानदार बिचारा प्रामाणिक होता. त्यानं दोघांकडं बघितलं आणि म्हणाला, "मावशी, पहिल्यांदाच करताय तर गोड्या पाण्याचे ठेवा. गोल्डफिश ठेवा."

"मला शुगर हाय," सिस्टर म्हणाल्या. "गोडं नको."

दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं. मग त्यानं अडीच फुटी टाकी, पंप, फिल्टर, पांढरी वाळू, भोकाभोकांचे दगड, समुद्री मिठाची बादली आणि पाण्याचा खारटपणा मोजायची नळी असं सगळं काढून दिलं. वर सांगितलं, निदान महिनाभर आत मासा सोडू नका. सिस्टरांनी ते वहीत लिहून घेतलं आणि त्याला खाली सही करायला लावली.

पाण्याचा प्रश्न आला. आमच्याकडचं बोअरचं पाणी असं की घागरीला पांढरा थर धरतो. ते माशांना चालणार नव्हतं. म्हणून सिस्टरांनी फिल्टरच्या पाण्याचे जार सांगितले. जार घेऊन मैनुद्दीन आला. पाचवा जार उतरवताना त्यानं सिस्टरांना पाण्यात मीठ ओतताना बघितलं आणि तो तिथंच थांबला.

"शिस्टर, आमी दिवसभर मशीन लावून पाण्यातला खार काढतो. तुमी परत टाकायलाव?"

"तुझा खार येगळा, माझा येगळा."

मैनुद्दीननं जार खाली ठेवला, मिठाच्या बादलीत एकदा डोकावून बघितलं. मग गेला. त्याची नोंद तीन किलो चारशे अशी आहे.

मीठ लिटरला पस्तीस ग्रॅम. ते मोजायला सिस्टरांनी माळ्यावरून बाळं तोलायचा काटा काढला, तो झोळीचा. झोळीत मीठ भरलं, काटा छताच्या कडीला लटकवला, चष्मा लावून आकडा वाचला.

"तीन किलो शंभर," त्या समाधानानं म्हणाल्या. "निरोगी हाय."

मग सुरू झाला तो महिना. टाकीत पाणी, वाळू, दगड आणि दुसरं काहीही नाही. पण शेवंता सिस्टरांनी समुद्र आणलाय ही बातमी गावभर झाली होती, त्यामुळं बघायला रांग लागली. माणसं यायची, टाकीसमोर उभी राहायची, वाकून बघायची, बाजूनं बघायची आणि शेवटी हळूच विचारायची, "मासे कुठायत?"

"ॲडमिट व्हायचेत," सिस्टर सांगायच्या. "आधी वॉर्ड तयार करावा लागतो."

टाकीच्या बाजूला त्यांनी दवाखान्यातला पत्र्याचा तक्ता टांगला होता. त्यावर पाण्याचा ताप दिवसातून तीनदा, खारटपणा दोनदा. छोट्या बाटलीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे, रंग बदलला की तो रंगीत कार्डाशी ताडून बघायचा आणि अमोनिया किती ते लिहायचं. एकही पेशंट नसलेल्या वॉर्डाचा इतका नेटका तक्ता मी दुसरा पाहिला नाही.

महिनाभर थांबायचं ते जंतूंसाठी. माशाच्या घाणीतून अमोनिया, म्हणजे विष, तयार होतं आणि ते खाणारे जंतू आधी दगडांत वाढावे लागतात. जंतू वाढायला काहीतरी कुजवावं लागतं. सिस्टरांनी सोलापूरहून एक कोळंबी आणली, गॉजच्या तुकड्यात बांधली आणि पाण्यात सोडली. चौथ्या दिवशी माझ्या बायकोनं, सवितानं, आमच्या घरातली सगळी कपाटं भिंतीपासून ओढून मेलेला उंदीर शोधला. सहाव्या दिवशी मी तिला खरं सांगितलं. ती तशीच सिस्टरांकडं गेली.

"सिस्टर, लई वास येतोय."

"येणारच. तेहतीस वर्षं जंतू मारले, आता पाळायलेय. त्यांना बी खायला लागतंय."

सविता परत आली आणि तिनं खिडकी लावून घेतली. तिचं माहेर हैदराबादेकडचं. तिच्या जन्माचं वजन सिस्टरांकडं नाही, म्हणून त्या तिला 'बाहेरची केस' म्हणतात.

तक्त्यावर अमोनिया सलग आठ दिवस शून्य आला तेव्हा आम्ही पुन्हा सोलापूरला गेलो. पट्ट्यांचे दोन मासे, प्रत्येकी अंगठ्याएवढे, पाणी आणि हवा भरलेल्या पिशव्यांत. पिशव्या थर्माकोलच्या डब्यात आणि डबा माझ्या मांडीवर. गाडीत कंडक्टरनं विचारलं, यात काय आहे.

"मासे," मी म्हणालो.

"मासे न्यायचे न्हायत गाडीत. वास येतो."

"जिते हायत," सिस्टर म्हणाल्या.

कंडक्टर विचारात पडला. "जिते असले तर तिकीट लागंल."

"पाच वर्षांच्या आतल्याला न्हाय लागत. ही पाच म्हैन्यांची हायत."

कंडक्टरनं झाकण उघडून आत बघितलं, जणू वयाची खात्री करून घेतली, आणि पुढच्या सीटकडं गेला. अणदूरला थोडी गर्दी चढली, तेव्हा त्यानंच मागं येऊन लोकांना सांगितलं, "डब्याला धक्का लावू नका, बारकी लेकरं हायत."

घरी आल्यावर मी पिशवी सरळ टाकीत ओतणार होतो. सिस्टरांनी माझा हात धरला. नवं पाणी माशाच्या अंगाला हळूहळू लागावं लागतं. त्यांनी मासे एका स्वच्छ बादलीत घेतले, सलाइनच्या रिकाम्या बाटलीत टाकीतलं पाणी भरलं, बाटली खिळ्याला उलटी टांगली आणि नळीची चाकी फिरवून सेकंदाला दोन थेंब लावले. घड्याळ हातात धरून दोन तास त्या तशा बसल्या. मग मासे आत गेले. नावं ठेवली नाहीत. बेड नंबर एक आणि बेड नंबर दोन. कुणी विचारलं, कसे आहेत, तर त्या म्हणायच्या, "ऑब्झर्वेशनखाली हायत." सहा महिने त्या हेच म्हणत होत्या.

पुढं मे महिन्यात एका दुपारी वावटळ सुटली आणि तिच्यामागून पाऊस आला. हायवेच्या कडेचे विजेचे खांब ओळीनं आडवे झाले. सिस्टरांनी पंखा, दिवे, फ्रिज सगळं बंद करून इन्व्हर्टरवर फक्त टाकीचा पंप ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला इन्व्हर्टर बसला. सेलवरचा छोटा पंप होता, तो तासाभरात थांबला. पाणी हललं नाही की त्यातली हवा संपते, मग मासे गुदमरतात आणि जंतूही मरतात. हे सगळं मला भिंतीवरच्या टकटकीनंतर कळलं. त्या दिवशी टकटक दोन नव्हती, सात-आठ होती.

गेलो तर सिस्टरांच्या हातात अंबू बॅग होती. बेशुद्ध माणसाच्या तोंडावर धरून हातानं दाबत श्वास द्यायची रबरी पिशवी. तिच्या तोंडाला त्यांनी नळी चिकटपट्टीनं घट्ट बांधली होती आणि नळीचं दुसरं टोक टाकीच्या तळाशी सोडलं होतं. पिशवी दाबली की खालून बुडबुडे.

"धर," त्या म्हणाल्या. "मिनिटाला वीस. कमी न्हाय, जास्त न्हाय. आन् जा म्हणंपर्यंत जायचं न्हाय."

पंधरा मिनिटांत माझ्या हाताला गोळे आले. मग सिस्टरांनी ड्यूटी लावली. मी, सविता, दूध घालून परत जाणारा दिलीप, जार द्यायला आलेला मैनुद्दीन. तक्त्याच्या मागच्या बाजूला नावं, पुढं वेळ. दिलीप कुरकुरला तेव्हा त्या म्हणाल्या, "आठ दिवस मी तुला धरून बसले व्हते. तू अर्धा तास बस." दिलीप बसला. मैनुद्दीननं बर्फाच्या गाडीवरून गोठलेल्या पाण्याच्या बाटल्या आणल्या, पाणी तापू नये म्हणून त्या टाकीत तरंगत ठेवल्या. दुपारी बेड नंबर दोन कोपऱ्यात तिरका झाला. कल्ले भराभर हलत होते. सिस्टर काचेला नाक लावून मनगटावरच्या घड्याळावर श्वास मोजत राहिल्या. जेवल्या नाहीत. आम्हाला मात्र आळीपाळीनं जेवायला पाठवत होत्या.

पाच वाजता लाइट आली. पंप घरघरला आणि सुरू झाला. दिलीप हात चोळत संध्याकाळच्या दुधाला गेला, मैनुद्दीन जार घेऊन गेला, सविता चहा टाकायला घरी गेली. अर्ध्या तासानं बेड नंबर दोन सरळ झाला आणि दगडाभोवती एक फेरी मारून आला.

मी फरशीवर सांडलेलं पाणी पुसत होतो. सिस्टर बॅगेवरची चिकटपट्टी सोडवत होत्या.

"दवाखान्यातली का ही?" मी विचारलं.

"न्हाय. इकत आणली व्हती. आईसाठी."

त्यांची आई चार वर्षांपूर्वी गेली. शेवटी शेवटी तिला ऑक्सिजनचं मशीन लावलेलं असायचं, एवढं मला माहीत होतं. वय झालं होतं, असंच सगळे म्हणाले होते. मीही म्हणालो होतो.

"त्या दिवशी बी लाइनच गेली व्हती," सिस्टर म्हणाल्या. "दवाखान्याची गाडी तुळजापुरातनं यायची व्हती. ती येईस्तवर मी हातानं दिलं. साडेतीन तास."

"एकट्यानं?"

"व्हय."

तो रविवार होता. मी घरी होतो. बहुतेक अंगणात मोटारसायकल धूत होतो.

"सिस्टर, मी भिंतीपलीकडंच होतो. हाक मारायची."

त्यांनी चिकटपट्टीची गोळी केली, बोटाला चिकटली ती सोडवली.

"मला वाटलं, मी नर्स हाय. मला कुणाला कशाला बोलवायचं. शेवटी हात उचलंना झाला." मग टाकीकडं बघत म्हणाल्या, "आज मारली की हाक."

मी फडकं पिळलं. पलीकडून सवितानं चहा झाल्याचं सांगितलं, तेव्हा मी उठलो.

"बस जरा," सिस्टर म्हणाल्या. "काम काय न्हाय. नुसता बस."

मी सविताला चहा इकडंच आणायला सांगितलं आणि त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो.