कोल्हापूर ते कराची, हवेतून

"हे काय, हितंच की!"

लहानपणी आजोळच्या वाटेवर हंबीररावांचे पाय दुखायला लागले, की आई, बयाबाई, डोईवरची बुट्टी सावरत असंच म्हणायची. अंतर हे जमिनीवर नसून सांगणाऱ्याच्या तोंडात असते, हे सत्य सनातन आहे. त्यावर पुढे सरकारी मोहोर उमटली, एवढेच.

महायुद्ध संपून हिंदुस्थानावर विमाने उडू लागली होती. एखादे चुकून कोल्हापुरात उतरलेच तर गावाची शोभा नको, म्हणून 'गगनांतर कचेरी' स्थापन झाली. (विमान नव्हते. पण कचेरीला विमान लागत नाही, पट्टेवाला लागतो. तो होता.) कोल्हापूरचा माळ ते कराचीचे विमानांचे मैदान अंतर किती, आणि उडायला वेळ किती, एवढे ठरवायचे. हंबीरराव तिथले थोरले कारकून.

मोजणी करणे म्हणजे रयतेवर अविश्वास. म्हणून कचेरीने विचारणी केली. कागलच्या वाटेवर कचेरीच्या मंडळींना कृष्णात नावाचा शेतकरी भेटला.

"कराची किती लांब?"

"लांब कशाची, पावणं? त्या टेकाडापल्याड. तंबाखूचा बार थुकायच्या आत पोचताय की!"

मग त्याने सगळ्यांना घरी नेऊन दूध पाजले. मंडळी उठली, तसा तोच म्हणाला, "आता कुठं निघालाय? कराची लई लांब हाय. भाकरी खाऊन सकाळी जावा."

निष्कर्ष उघड होता. दुधापूर्वी कराची जवळ असते, दुधानंतर लांब. कचेरीने पहिले अंतर कायम केले, उड्डाणास एक बार तंबाखू इतका वेळ मंजूर केला आणि वैमानिकांनी वाटेत कोठेही दूध पिऊ नये, असा नियम केला.

या कामगिरीबद्दल हंबीररावांना बक्षीस मिळाले. कराचीला बदली, कायमची. तिकडूनही अंतर तेवढेच भरते का, हे पाहायला.

"कराची कुठं आली रं?" बयाबाईने विचारले.

"हे काय, हितंच की, आई. कचेरीनंच ठरवलंय."

म्हातारी जात्यावर बसली. पीठ पडत राहिले, ओवी काही फुटली नाही. 'जाऊ नकोस' एवढे ती म्हणाली असती, तर हंबीररावांनी बदलीच काय, कचेरीही सोडली असती. ती म्हणेना, आणि ह्यांना विचारवेना.

वाचकहो, हसू नका. 'विमानानं दोनच तर तास' असे आपणही कुणाला तरी सांगितले असेल, आणि ते माणूस गेल्या दिवाळीपासून दारात बसले असेल.

निघायच्या दिवशी टांगा दाराशी आला. बयाबाई दुधाचा पेला घेऊन आडवी उभी राहिली.

"आई, टांगा खोळंबलाय."

"पी आधी."

हंबीररावांनी पेला रिकामा केला. तिने तो पदराने पुसला, पुन्हा पुसला.

"लांब हाय, लेकरा," ती म्हणाली. "आजोळ बी लांबच हुतं. तू रडशील म्हणून म्हणायची मी. आता भाकरी खा. सकाळी बघू."