जर्मनीतली वांगी

दर शनिवारी संध्याकाळी आमचे मुरलीकाका बालाघाटात माझ्या ओट्यावर बसून जर्मनीतली वांगी पारखतात.

काका मँगनीजच्या खाणीतून रिटायर झालेले, शेजारीच एकटे राहतात. त्यांची मुलगी निशा नोकरीसाठी जर्मनीत गेली. शनिवारी ती भाजी आणायला निघाली की व्हिडिओ कॉल लावते. काकांच्या घरात नेटवर्क रडत येतं. "तुह्या ओट्यावर जर्मनी साफ दिसते," म्हणून सारा बाजार आमच्या दारात भरतो.

"ते डावीकडचं उचल. देठ दाखव. हौ, आता उलटं कर. हे नको, बियानं भरलं हाय."

भोपळा ठोकून दाखवायचा. नारळ फोनजवळ धरून हलवायचा, मग काका कानाला फोन लावून डोळे मिटतात. त्या वेळी गल्लीतून जाणारा मोटारसायकलवालासुद्धा इंजिन बंद करतो. करत नसेल तर काका करायला लावतात.

पैसे द्यायची वेळ आली की काकांचा आवाज चढतो. "कोथिंबीर वरून टाक म्हणा तिले. इतकी भाजी घेतली, चार काड्या फोकटात नाही देत?" गल्ल्यावरच्या गोऱ्या बाईला ते दर वेळी रामराम घालतात. तिला एक अक्षर कळत नाही, पण हल्ली तीही हात हलवते.

मला या प्रकाराची गंमत वाटे, आणि निशाची दयाही येई. वास्तविक भाजी या विषयात मी बोलूच नये. एकदा चांगली धष्टपुष्ट म्हणून मी जी भेंडी आणली, ती विळीवर चिरेना. तेव्हापासून बायकोने मला बाजारातून निवृत्त केलं आहे. पण अक्कल पाजळायला अधिकार लागतोच असं नाही.

मागच्या शनिवारी काकांना भाचीच्या साखरपुड्याला उकव्याला जावं लागलं. तिकडे जंगलात नेटवर्कचा पत्ता नसतो. काकांनी आपला फोन माझ्या हातात दिला.

"पोट्टीचा फोन येईन. नीट घेऊन देजो भाजी."

"तुम्ही बेफिकीर जा, काका."

फोन आला. निशाने वांगी दाखवली. मी म्हटलं, "घे कोणतीही दोन." नारळ दाखवला. म्हटलं, "छान आहे." आणि वर शहाणपणा केला, "बेटा, तुला सगळं येतंच की. तुझ्या बाबूजींना कशाला दर वेळी त्रास?"

तिने नारळ पिशवीत टाकला. "हो काका," म्हणाली आणि फोन ठेवला.

एवढ्या झटपट खरेदी उरकल्याचं मी बायकोला कौतुकाने सांगितलं. ती नुसतं "बरं," म्हणाली.

रविवारी दुपारी काका बसमधून उतरले ते पिशवीसकट थेट ओट्यावर.

"काय म्हणे पोट्टी?"

"काही नाही. दोन वांगी, एक नारळ. पटकन निपटवलं."

"हासली का?"

"भाजी घेताना काय हसायचं, काका?"

काका खाली बसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तुले काय वाटते, तिले वांगं समजत नाही? तिची माय होती तवा शाळेतून येता येता हेच पोट्टी भाजी आणे. अन् तिथं भाव होत नाही, हे मले मालूम नाही का?"

"मग हे सगळं काहून करता?"

"नवी नवी गेली ना, तर फोनवर नुसतं 'हौ बाबूजी, ठीक हाय बाबूजी, ठेवते.' बस, इतकंच. एक दिवस दुकानातून फोन आला. मी सहज म्हटलं, तो भोपळा ठोकून दाखव. हासली ना बे. गेल्यापासून पहिल्यांदा हासली. तवापासून मी भाजी घेऊन राह्यलो."

त्यांनी माझ्याकडून फोन घेतला आणि लावला. निशा नुकतीच उठली होती.

"बाबूजी, तुम्हाले त्रास होते म्हणे माह्या फोनचा?"

"तो येडा हाय. नारळ आण."

तिने नारळ आणून हलवला. काकांनी डोळे मिटून ऐकला.

"सडका हाय. जा, वापस कर."

"आज संडे हाय ना बाबूजी. इथं सगळं बंद राहते."

मला वाटलं, संपलं.

"मंग दुकानासमोर जाऊन उभी राह्य," काका म्हणाले. "बाकीचे नारळ काचेतून दाखव."

पलीकडून किल्ल्यांचा आवाज आला, आणि त्यात मिसळलेलं तिचं हसू. "थांबा बाबूजी, बूट घालते. बाहेर थंडी हाय."

काकांनी फोनवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले,

"दुकान लांब हाय तिच्या घरापासून. चांगलंच लांब."