राहिलेली बाही

कर्टिसच्या गॅरेजमध्ये उभं राहून "कसा आहेस?" या प्रश्नाला कुणी "आय अ‍ॅम गुड" असं उत्तर दिलं, तर तो कपड्यांवर पाणी मारायची बाटली उचलतो आणि सरळ त्याच्या तोंडावर फवारा मारतो. चष्मा असला तरी. वर शांतपणे म्हणतो, "सुरकुती आहे. आता पुन्हा सांग."

कर्टिस आमचा इथला, अमेरिकेतल्या श्रूजबरीतला शेजारी. वय सत्तरीकडे झुकलेलं. जन्म पलीकडच्या वूस्टरचा, आणि सगळी नोकरी तिथे बस चालवण्यात गेली. निवृत्तीनंतर त्याने आमच्या गल्लीत घर घेतलं. गल्लीत बहुतेक सगळे आपलेच, पुण्या-नागपूरचे कॉम्प्युटरवाले. कृष्णवर्णीय तो एकटाच.

हा माणूस गवत कापतो तेही पांढराशुभ्र कडक इस्त्रीचा शर्ट आणि टाय घालून. ऐन जुलैत. मला वाटायचं, असते एकेकाला हौस. एकदा विचारलं, तर म्हणाला, "चुरगळलेल्या टी-शर्टातला ब्लॅक माणूस, हातात मशीन, आणि ही गल्ली? नो सर. राहायला आलो त्याच आठवड्यात तुमच्यापैकी कुणीतरी पोलिसांना फोन केला होता. मी माझ्याच घराची खिडकी पुसत होतो." सांगताना तो हसत होता. मला काही हसू आलं नाही.

शनिवारी सकाळी त्याच्या गॅरेजचं दार वर जायचं आणि आत इस्त्रीची टेबलं ओळीने मांडली जायची. मग गाड्या यायच्या. एक बसवाला मित्र, एक शाळामास्तर, एक हॉस्पिटलातला नर्स, एक तुरुंगावरचा पहारेकरी, असेच आणखी काही. सगळे कृष्णवर्णीय, सगळे पुरुष, आणि प्रत्येकाच्या हातात आठवड्याच्या कपड्यांचं बोचकं. सकाळभर हे धिप्पाड गडी कॉलर आणि कफ दाबत उभे असायचे आणि बोलायचे.

"पुरुषांना समोरासमोर खुर्च्यांवर बसवलं की ते फुटबॉलवर बोलतात," कर्टिसचं म्हणणं. "शर्टाकडे बघत असले की बापाबद्दल बोलतात. हात गुंतले की तोंड सुटतं." नियम दोनच. कुणी कुणाला शहाणपण शिकवायचं नाही, आणि 'आय अ‍ॅम गुड' म्हणायचं नाही. आमचं अंगण त्याच्या गॅरेजला लागून, त्यामुळे कधीमधी कानावर पडायचं. तो पहारेकरी एकदा कॉलर दाबता दाबता हमसून हमसून रडला. कुणी मान वर केली नाही. फक्त शेजारच्याने त्याच्या हातातली इस्त्री काढून उभी ठेवली, शर्ट जळू नये म्हणून.

गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला एक निळा शर्ट टांगलेला असे. अख्खा इस्त्री केलेला, फक्त डावी बाही चुरगळलेली. त्याला कुणी हात लावत नसे. एवढा टापटिपीचा माणूस, आणि ही एक बाही तशीच का, हे मी विचारलं नव्हतं.

मग नागपूरहून आमचे बाबा आले. त्यांना अमेरिकेत सगळं आवडलं, पण कोपऱ्यावर इस्त्रीवाला नाही याचं दुःख त्यांना पहिल्या दिवसापासून होतं. शनिवारी फिरून येताना त्यांनी ते उघडं गॅरेज पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. मी अंघोळीला गेलो तेवढ्यात ते आपल्या कुडत्यांचं गाठोडं घेऊन तिथे पोचले. टेबलावर ठेवून म्हणाले, "टुमारो इव्हिनिंग? नो स्टार्च."

मी ओल्या डोक्याने धावत गेलो तेव्हा सगळे इस्त्र्या हातात धरून बाबांकडे बघत होते. मग शाळामास्तराला हसू फुटलं आणि त्यामागे सगळ्यांना. कर्टिस मात्र हसला नाही. चूक समजल्यावर बाबा म्हणाले, "मग मी पण उभा राहतो की. मला येते इस्त्री." कर्टिसने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "सर, तुम्ही भले माणूस आहात. पण शनिवार तुमचा नाही. या लोकांना आठवडाभर तुमच्यासारख्या शेजाऱ्यांसमोर, साहेबांसमोर, पोलिसांसमोर हसत राहावं लागतं. इथे तेवढं नको." मला जरा लागलं. बाबांना लागलं नाही. रविवारी संध्याकाळी कुडते घडी घालून घरपोच आले, स्टार्च न घालता. तेव्हापासून बाबा त्याला कर्टिसराव म्हणू लागले.

पुढची गोष्ट सांगताना तोंड कडू होतं. आमच्या वसाहतीच्या असोसिएशनचे अध्यक्ष मकरंद देव, मूळचे पुण्याचे. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं की शनिवारी 'अनोळखी माणसं' येतात, पार्किंगचा इश्यू आहे, मुलींच्या सेफ्टीचा विचार करायला हवा. खाली अंगठ्यांची रांग लागली. याच मकरंदच्या गणपतीला गाड्या हायवेपर्यंत जातात आणि ढोल वाजतो, तेव्हा सेफ्टी कुठे जाते देव जाणे.

बैठकीला कर्टिस टाय लावून आला होता. मी गणपतीच्या गाड्यांचं बोललो. मकरंद म्हणाला, "यार, ते कल्चरल आहे, हे डिफरंट आहे. आय हॅव नथिंग अगेन्स्ट देम." कर्टिस म्हणाला, "माझ्या लोकांना कुठेतरी इस्त्री करू द्या, एवढंच." 'माझे लोक' ऐकून दोघीतिघींनी पर्स जवळ ओढल्या. घरटी एक मत होतं. ठराव झाला की गॅरेजमध्ये नियमित मेळावे नकोत. हात वर करणाऱ्या बहुतेकांना रंगामुळे ऑफिसात प्रमोशन मिळत नाही, अशी तक्रार मी दर पार्टीत ऐकतो. मला त्या दिवशी आपल्या माणसांची किळस आली.

मग मंडळींना एका चर्चच्या तळघरात जागा मिळाली, पण सगळ्या इस्त्र्या लावल्या की तिथला फ्यूज उडायचा. हळूहळू मंडळी पांगली. कर्टिस मात्र शनिवारी दार वर करायचा, टेबलं मांडायचा आणि एकटाच उभा राहायचा.

बाबांना ते बघवेना. एका शनिवारी ते चिवड्याचा डबा घेऊन गेले. कर्टिस कॉफी करायला आत गेला. कर्टिसरावांनी आपले कुडते केले, आपणही त्यांचं काहीतरी करावं, असं बाबांच्या मनात आलं. मी त्यांना बोलवायला पोचलो तेव्हा ते निळा शर्ट पुन्हा खिळ्याला लावत होते. डावी बाही कागदासारखी सपाट झाली होती.

"कर्टिसराव, फिनिश केलं," बाबा अभिमानाने म्हणाले.

कर्टिस दोन कप घेऊन दारात उभा होता. त्याने कप खाली ठेवले. जवळ येऊन ती बाही दोन बोटांत धरली. अजून गरम असावी.

"रेमंडचा आहे," तो म्हणाला. "माझा धाकटा भाऊ. त्याच्या छातीत महिनाभर दुखत होतं. मी दर रविवारी फोन करून विचारायचो. म्हणायचा, आय अ‍ॅम गुड. हा शर्ट इस्त्री करता करता पडला, तो उठलाच नाही. ही बाही राहिली होती."

मी बाबांना मराठीत सांगितलं. त्यांनी हात जोडले. त्यांना इंग्रजी सुचेना. शेवटी एवढंच म्हणाले, "कर्टिसराव, यू ओके?"

"आय अ‍ॅम गुड, सर."

शब्द बाहेर पडले आणि कर्टिस थबकला. टेबलं ओळीने मांडलेली होती, एक सोडून त्यांवरच्या सगळ्या इस्त्र्या गार होत्या. त्याच्या तोंडावर पाणी मारायचा हक्क ज्यांचा होता, त्यांना आमच्या गल्लीने ठराव करून घरी बसवलं होतं. बाटली माझ्या हाताशी होती. पण शनिवार माझा नव्हता.

कर्टिसने ती स्वतःच उचलली, स्वतःच्या तोंडासमोर धरली आणि फवारा मारला. मग आणखी एकदा मारला.

"सुरकुती आहे," तो म्हणाला. पाणी हनुवटीवरून टायवर गळत होतं, आणि 'पुन्हा सांग' म्हणायला तिथे त्याचं कुणी नव्हतं.